डाळीच्या पिशवीतला भुंगा

परदेशात शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेचे वजन विमान कंपनीच्या मर्यादेपुढे गेले, की घरात वाद सुरू होतो. काय काढायचे, पुस्तके की मेतकूट? बहुधा पुस्तके मागे राहतात आणि तूरडाळ, तांदूळ, धने-जिरे, सुक्या मिरच्या, पेढे असा संसार विमानात बसतो. मेलबर्नला किंवा सिडनीला उतरल्यावर मात्र तपासणीच्या टेबलावर यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू बाजूला काढल्या जातात आणि परत मिळत नाहीत. आगमनाच्या कार्डावर त्या लिहिल्या नसतील, तर वर काही हजार डॉलरचा दंड. काही प्रकरणांत व्हिसाही रद्द होतो. मग रात्री फोन येतो आणि इकडच्या घरात एकच उद्गार निघतो, ‘डाळीत काय बॉम्ब होता का?’

बॉम्ब नव्हता, पण भुंगा असू शकतो. त्याचे नाव खापरा. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून आणि टपालातून तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या असे जिन्नस आणायला बंदी घातली, ती प्रामुख्याने या एका किड्यामुळे. अमेरिकेतही २०११ पासून खापऱ्याचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून प्रवाशाला तांदूळ नेता येत नाही. या देशांच्या यादीत भारत आहे, कारण खापरा मुळात आपल्याच उपखंडातला. जगभरच्या क्वारंटाइन खात्यांच्या कागदांवर तो ‘खपरा’ या हिंदी नावानेच वावरतो. योग आणि करी यांच्याप्रमाणे जगाने आपल्याकडून घेतलेला हा आणखी एक शब्द. फक्त याच्यासाठी कोणी आंतरराष्ट्रीय दिवस साजरा करणार नाही.

हा भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. त्याला उडता येत नाही. नासाडी करते ती त्याची केसाळ अळी. ती दाण्याचा भुगा करते आणि मागे टाकलेल्या कातीने व केसांनी उरलेला साठाही खाण्याच्या लायकीचा ठेवत नाही. हे केस पोटात गेले तर आतड्यांना इजा करतात, त्वचेवर आणि श्वासात गेले तर अॅलर्जी होते. पण तपासणी अधिकाऱ्यांची झोप उडवणारा गुण वेगळाच आहे. खायला मिळेनासे झाले किंवा दाटी झाली, की ही अळी भिंतीच्या, फळ्यांच्या, कंटेनरच्या फटीत शिरून सुप्तावस्थेत जाते. तशी ती काही वर्षे उपाशी राहू शकते. त्या अवस्थेत तिच्यावर धुरीचा विषारी वायूही नीट चालत नाही. पुन्हा धान्य आले की ती बाहेर येते. पंख न वापरता हा प्राणी खंडे ओलांडून गेला तो केवळ माणसाच्या गोणपाटातून, जहाजातून आणि पिशवीतून.

कॅलिफोर्नियात तो १९५३ मध्ये सापडला. त्याला उखडण्यासाठी अख्खी गोदामे प्रचंड ताडपत्र्यांत गुंडाळून आत मिथाइल ब्रोमाइड सोडावा लागला. मोहीम १९६६ पर्यंत चालली आणि त्या काळातले सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर खर्च झाले. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये तो कशात सापडला, तर परदेशातून आलेल्या फ्रिजच्या वेष्टनांत. फ्रिजमध्ये धान्य कुठून येणार? पण ज्या कंटेनरमधून आज फ्रिज येतो, त्यातून आधी कधी तरी धान्य गेलेले असू शकते आणि अळी फटीत वाट पाहत बसलेली असते. गव्हाची निर्यात हा ज्या देशाच्या शेतीचा कणा आहे, त्याच्या दृष्टीने गोदामांत एकदा खापरा रुजला, की सगळे ग्राहक देश त्याच्या गव्हाकडे संशयाने पाहू लागणार.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मेलबर्नच्या भारतीय किराणा दुकानात तूरडाळ मिळते. म्हणजे नियम डाळीविरुद्ध नाही. व्यापारी मालावर ठरलेली प्रक्रिया झालेली असते, निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असते, आणि काही निघालेच तर ती खेप कुठल्या गोदामातून आली हे शोधता येते. आईने स्वच्छ निवडून, उन्हात वाळवून दिलेल्या दोन किलो डाळीबद्दल यातले काहीच कोणाला माहीत नसते. आईच्या स्वच्छतेवर शंका घेण्याचा हा प्रश्न नाही. तपासणारा अधिकारी माणूस पाहत नाही, धोका पाहतो. आणि वर्षाला लाखो बॅगा येत असतील तर त्यातली एकच बॅग पुरेशी असते.

पेढ्यांची कथा वेगळी आहे. तिथे किडा नाही, विषाणू आहे. लाळ्या खुरकूत हा रोग आपल्या गोठ्यांना नवा नाही. जनावराच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, ते खाणे सोडते, दूध आटते. प्रौढ जनावर बहुधा मरत नाही, म्हणून आपण या रोगाबरोबर जगायला शिकलो आहोत. विषाणू दुधात उतरतो. दूध किती तापमानाला किती वेळ तापले यावर तो मरतो की नाही हे ठरते, आणि घरच्या किंवा हलवायाच्या खव्याबाबत हे परक्या देशातल्या अधिकाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. ज्या देशांत हा रोग नाही, तिथे तो एकदा शिरला की काय होते ते ब्रिटनने २००१ मध्ये पाहिले. रोगाची सुरुवात एका डुक्करपालन केंद्रापर्यंत मागे नेता आली. तिथल्या डुकरांना न उकळलेले खरकटे घातले जात होते आणि त्यात बेकायदा आणलेले मांस असावे, असा निष्कर्ष निघाला. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. जळत्या चितांची ती छायाचित्रे ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली, त्यांना ती अजून आठवत असतील. हे सगळे कदाचित कोणाच्या तरी सामानातल्या मांसाच्या एका पुडक्यापासून झाले.

हा रोग माणसाला सहसा होत नाही, हेही सांगायला हवे. म्हणजे ज्याच्या बॅगेतून पेढे फेकले जातात, त्याच्या किंवा ते खाणाऱ्याच्या प्रकृतीला काही धोका असतो असे नाही. धोका दूरच्या कुठल्या तरी गोठ्याला असतो. आपल्याला हे नियम जाचक वाटण्याचे खरे कारण बहुधा हेच. किंमत चुकवणारा एक आणि वाचणारा दुसराच.

आता नजर उलट फिरवू. आपण सतत जाणारे आहोत असे नाही, आपल्याकडेही येते. आणि जे आले आहे त्याची किंमत आपण रोज मोजतो, फक्त त्याला कोणी आयात म्हणत नाही. गाजर गवत घ्या. त्याला काँग्रेस गवत म्हणतात ते पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे, असे सांगितले जाते. भारतातील त्याची जी नोंद नेहमी पहिली म्हणून दिली जाते ती पुण्यातली आहे, १९५५ ची. उकिरड्यांवर उगवलेली काही झाडे. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीत त्याचे नाव होते असे काही वनस्पतिशास्त्रज्ञ दाखवून देतात. पण ते रानोमाळ पसरले ते पुण्याच्या नोंदीनंतर. आज महाराष्ट्रात असा रस्ता नाही की ज्याच्या कडेला ते नाही. एका झाडाला दहा-वीस हजार बिया येतात. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे आणि परागकणांमुळे शेतमजुरांच्या हातांवर, मानेवर, चेहऱ्यावर चिवट इसब होते, काहींना दमा जडतो. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कोणत्याही डॉक्टरांना विचारा.

ते आले कसे, याची आपल्याकडे एक ठाम कहाणी आहे: पीएल ४८० खाली अमेरिकेने दिलेल्या गव्हाबरोबर. ही कहाणी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तारखा कोणी ताडून पाहत नाही. भारताचा पहिला पीएल ४८० करार ऑगस्ट १९५६ मधला. पुण्यातली नोंद त्याच्या आदल्या वर्षाची. तेव्हा त्या कराराला दोष देता येणार नाही. मात्र १९५१ च्या दुष्काळी टंचाईत अमेरिकेने कर्जाऊ दिलेला गहू त्याआधीच आला होता, त्यामुळे धान्याबरोबर बी आले असावे ही शक्यता उरतेच. कोणत्या पोत्यातून आले, हे आता कधीच कळणार नाही. भुकेल्या देशाने गव्हातले तण निवडत बसावे ही अपेक्षाही अन्यायाची होती. पण हिशेब मात्र चुकला नाही. तण निवडण्याचे काम तेव्हा झाले नाही, ते आता सत्तर वर्षे शेतकरी बायका हाताने करत आहेत.

गाजर गवतावर उपाय म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोतून एक भुंगेरा आणला गेला आणि पुढच्या वर्षी बंगळूरला सोडला गेला. पावसाळ्यात तो गवताची पाने फस्त करताना दिसतो. पण गवत त्याच्यापेक्षा वेगाने वाढते. इथे कोणी विचारेल, की एका परक्याला रोखण्याच्या गप्पा आणि दुसऱ्या परक्याला विमानाने आणायचे, हे कसे? फरक एवढाच, की हा भुंगेरा बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवून, तो आपल्या पिकांकडे वळतो का हे तपासून मग सोडला गेला. क्वारंटाइनचा अर्थ दार बंद करणे नाही, दारावर थांबवून विचारणे.

हेच शहाणपण पपईच्या बाबतीत फार चांगले फळले. मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला दिसला आणि दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या पपईबागांत पोचला. फळे पांढऱ्या कापसाने मढवल्यासारखी दिसत. पपई, तुती, टॅपिओका, काहीही चालायचे त्याला. फवारण्या वाया गेल्या, कारण त्याच्या अंगावरच्या मेणचट थरातून औषध आत जात नाही. मग २०१० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोतून त्याच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांच्या तीन जाती बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेत आणल्या, तपासल्या, वाढवल्या आणि बागांत सोडल्या. काही महिन्यांत ढेकूण आटोक्यात आला. ही बातमी पहिल्या पानावर आली नाही. साथ गेल्याची बातमी कधीच येत नाही.

आणि जी साथ आलीच नाही, तिची तर मुळीच येत नाही. आपल्या कपाशीवर शेंदरी बोंडअळीने काय केले हे विदर्भ-मराठवाड्याला सांगायला नको. पण अमेरिकेच्या कापूसपट्ट्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्याने उद्ध्वस्त केले तो मेक्सिकोचा सोंडेवाला भुंगेरा भारतात आजही नाही. तो आपोआप राहिला नाही असे नव्हे. १९०६ मध्येच सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसाच्या गाठींना धुरी सक्तीची केली. त्या काळच्या साहेबाला विदर्भातल्या शेतकऱ्याची कणव होती की मँचेस्टरच्या गिरण्यांची काळजी, हा वेगळा प्रश्न. पण भुंगेरा आला नाही. शंभराहून अधिक वर्षे जी फवारणी आपल्याला करावी लागली नाही, तिचे बिल कोणी काढलेले नाही, म्हणून क्वारंटाइन खात्याला अंदाजपत्रकात टाळ्या मिळत नाहीत.

मोठे नवल म्हणजे त्या धुरीनंतर आठ वर्षांनी, १९१४ मध्ये झालेला नाशकारक कीटक व कीड कायदाच आजही आपल्या वनस्पती आयातीचा मूळ आधार आहे. प्रत्यक्ष व्यवहार चालतो तो त्याखाली काढलेल्या २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशावर. कोणते झाड, कोणत्या देशातून, कोणत्या अटीवर, याच्या लांबलचक अनुसूची त्यात आहेत. आयातीचा परवाना आधी घ्यायचा, मालाबरोबर तिकडचे आरोग्य प्रमाणपत्र हवे, काही रोपांना इथे आल्यावरही वेगळे वाढवून पाहायचे, वगैरे. लाकडाच्या खोक्यांनाही नियम आहे. बंदरातून आलेल्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. त्या लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे पोचवले आहे, असा त्याचा अर्थ. लाकूड पोखरणारे किडे आतच मरावेत म्हणून. जनावरे आणि पशुजन्य पदार्थांसाठी तर याहून जुना कायदा आहे, १८९८ चा. मध्यंतरी २००१ मध्ये दुरुस्ती झाली, पण घर तेच.

जुना कायदा वाईटच असतो असे नाही. परंतु या कायद्याने आपल्याला एकदा चांगलेच अडचणीत आणले, आणि त्या प्रकरणाची मुळे महाराष्ट्रापर्यंत जातात.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. भारतातला तो पहिलाच उद्रेक. लाखो पक्षी मारून पुरले गेले, अंडी नष्ट केली गेली, आणि ज्या गावांचा संसार कोंबड्यांवर उभा होता तिथे शुकशुकाट झाला. या विषाणूची माणसाला लागण क्वचित होते, पण झाली तर जीवघेणी ठरते. त्यामुळे भीती खोटी नव्हती. पुढच्या काळात केंद्र सरकारने ज्या देशांत बर्ड फ्लू आढळेल त्या देशांतून कोंबडीचे मांस, अंडी इत्यादींच्या आयातीवर १८९८ च्या कायद्याखाली बंदी घातली. अमेरिकेला आपल्या चिकनच्या तंगड्या भारतात विकायच्या होत्या. त्यांच्याकडे लोकांना छातीचे मांस आवडते आणि तंगड्या उरतात. २०१२ मध्ये तिने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २०१४ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला, अपिलातही जून २०१५ मध्ये तोच कायम राहिला.

तेव्हा आपल्याकडे अमेरिकेच्या दादागिरीवर पुष्कळ लिहिले गेले. ते साफ खोटे नव्हते. पण निकालाची कारणे वाचली की मान खाली जाते. बर्ड फ्लूचे सौम्य आणि घातक असे दोन प्रकार असतात. सौम्य प्रकार आढळला तरी भारत बंदी घालत होता, आणि तशी बंदी आंतरराष्ट्रीय मानकांत बसत नव्हती. मानकांपेक्षा कडक नियम करायला हरकत नाही, पण त्यासाठी स्वतःचा शास्त्रीय धोका-अभ्यास मांडावा लागतो, आणि तो आपण मांडला नव्हता. शिवाय एका राज्यात रोग आला तर सगळ्या अमेरिकेचा माल बंद, आणि आपल्याकडे आला तर ठरावीक किलोमीटरचा परिघ सील करून बाकीचा बाजार सुरू. शेजाऱ्याला एक माप आणि घरच्याला दुसरे, असे हे झाले. हा वाद मिटला तो थेट सप्टेंबर २०२३ मध्ये, दोन्ही देशांच्या वाटाघाटींतून, आणि त्याच सुमारास गोठवलेल्या टर्कीपासून ब्लूबेरीपर्यंत काही अमेरिकी मालावरचा आपला आयातकर कमी झाला.

म्हणजे जैवसुरक्षेचा नियम नुसता कडक असून भागत नाही. त्याच्यामागे रोगाचे सर्वेक्षण लागते, प्रयोगशाळा लागतात, आकडे लागतात. नुसत्या बंदीला व्यापारी जग संरक्षणवाद म्हणते आणि कधी कधी ते बरोबरही असते. सर्वेक्षणाचा पाया मात्र गावातला पोल्ट्रीवाला आहे. त्याच्या खुराड्यात चार कोंबड्या मेल्या आणि त्याने कळवले, तर सगळा कळप मारला जाणार हे त्याला माहीत असते. भरपाई वेळेवर आणि बाजारभावाच्या आसपास मिळणार नसेल, तर तो गुपचूप उरलेल्या कोंबड्या विकून मोकळा होईल. त्याला दोष देणे सोपे आहे. पण लस, प्रयोगशाळा आणि बंदरावरचा अधिकारी यांच्याइतकाच तो या साखळीचा भाग आहे, हे धोरणात कुठे दिसत नाही.

वनस्पती आणि प्राणी यांचे हे दोन जुने कायदे रद्द करून एकाच छताखाली आणणारे कृषी जैवसुरक्षा विधेयक मार्च २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. राष्ट्रीय पातळीवर एक प्राधिकरण, तेच सीमेवरही पाहणार आणि देशांतर्गत फैलावही. लोकसभेची मुदत संपली आणि २०१४ मध्ये विधेयकही संपले. त्याला आक्षेप नव्हते असे नाही. शेती हा राज्यांचा विषय, मग एका केंद्रीय प्राधिकरणाला शेतात शिरून पीक नष्ट करण्याचा अधिकार किती द्यायचा, हा प्रश्न रास्त होता. पण रास्त प्रश्नावर चर्चा व्हावी लागते. त्यानंतरच्या वर्षांत लष्करी अळी आली: २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला दिसली आणि त्याच वर्षी आपल्या मक्यात शिरली. तिचा पतंग रात्रीत लांबचा पल्ला उडतो, त्याला बंदरावर अडवता आले नसते, हे मान्य. २०१९ मध्ये ओडिशात लम्पी आला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रातले गुरांचे बाजार बंद करावे लागले. २०२० मध्ये ईशान्येकडून आफ्रिकन स्वाइन फीवर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना कळवले, की परदेशातून टपालाने येणाऱ्या अनोळखी बियांच्या पाकिटांपासून सावध राहा. एवढे होऊनही जुने घर पाडून नवे बांधण्याची घाई कोणाला दिसत नाही.

या घराचे गळणे आपल्याला जिथे सर्वाधिक बोचते ती जागा म्हणजे हापूस. मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि त्याच्यासोबत वांगी, अळू, कारली, पडवळ यांच्यावर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. कोकणात संताप झाला, लंडनच्या आंबाप्रेमींनी निवेदने दिली. पण आठ महिन्यांत, जानेवारी २०१५ मध्ये, आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला, आणि तो निवेदनांमुळे झाला असे म्हणता येणार नाही. पॅकहाउसमधली तपासणी सुधारली, उष्ण प्रक्रिया सक्तीची झाली, तेव्हा कुठे दार उघडले. भाज्यांना आणखी थांबावे लागले.

अमेरिकेचा मार्ग लासलगावातून गेला. भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तिथे उभारलेल्या विकिरण केंद्रातून २००७ मध्ये हापूस अमेरिकेला निघाला. किमान ४०० ग्रे एवढी गॅमा किरणांची मात्रा दिली, की फळात किंवा कोयीत दडलेला किडा जिवंत असला तरी त्याची पुढची पिढी होत नाही. फळ किरणोत्सारी होत नाही, हे पुन्हा एकदा सांगावे लागते. आरशावर पडलेल्या उन्हाने आरसा सूर्य होत नाही, तसेच ते. या सगळ्यावर देखरेख करायला अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक इथे येऊन बसतो आणि त्याचा खर्च आपण देतो. कोविडच्या दोन हंगामांत तो येऊ शकला नाही, तर आंबाही गेला नाही. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या किमान १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या आणि आंबा तिथेच नष्ट करावा लागला. कीड सापडली म्हणून नव्हे. प्रमाणपत्राच्या कागदातल्या त्रुटीमुळे. निर्यातदारांचे नुकसान सुमारे पाच लाख डॉलर सांगितले गेले.

कागदाला एवढे महत्त्व का, असा प्रश्न पडेल. कारण किरणांनी वांझ केलेला किडा आणि न केलेला किडा बाहेरून सारखेच दिसतात. अधिकाऱ्याच्या हातात फळ कापून पाहण्याचा उपाय उरत नाही; कागद हाच पुरावा. आपल्याकडे सही-शिक्क्याला जी किंमत आपण देतो, म्हणजे फारशी देत नाही, ती सवय या व्यवहारात महागात पडते.

मुंबई बंदरात आणि विमानतळावर आपले वनस्पती क्वारंटाइनचे अधिकारी काम करतात, पशू क्वारंटाइनचेही. थायलंडहून परतणाऱ्या हौशी बागायतदाराच्या बॅगेत ऑर्किडची मुळे निघतात, कोणी ड्रॅगन फ्रूटच्या नव्या जातीच्या कांड्या मोज्यात गुंडाळून आणतो. हे बेकायदा आहे, हे आणणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. सिडनीच्या विमानतळावर काय न्यावे याचे इशारे विमानात ऐकवले जातात. मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशाला सोने किती आणता येईल हे पाठ असते. माती लागलेले रोप आणता येत नाही, हे त्याला मराठीत किंवा हिंदीत सांगणारी एक पाटी सामानाच्या पट्ट्याजवळ लावायला नवा कायदा लागत नाही. बी-बियाणे ऑनलाइन विकणाऱ्या परदेशी दुकानांचे पार्सल टपाल खात्यात कोण उघडून पाहतो, याचा हिशेब दर वर्षी जाहीर करायलाही नाही.

आणि हा पहारा केवळ देशाच्या सीमेवर ठेवून चालत नाही. केळीच्या मर रोगाची टीआर४ ही बुरशी २०१० च्या दशकात बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या बागांत आढळली. ती जमिनीत दशकानुदशके राहते, तिच्यावर औषध नाही, आणि ज्या ग्रँड नैन जातीवर जळगावचा केळीपट्टा उभा आहे ती जात या बुरशीला बळी पडते. ती पसरते रोगट कंदांतून, औजारांना आणि ट्रकच्या चाकांना चिकटलेल्या मातीतून, पाटाच्या पाण्यातून. प्रयोगशाळेतली टिश्यू कल्चरची रोपे स्वच्छ असतात, पण पैसे वाचवायला शेजारच्या बागेतून आणलेल्या कंदाची कोणी चाचणी करत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोपे नेताना रोगाची तपासणी कुठे होते, कोण करतो, आणि बागेत संशयित झाड दिसले तर शेतकऱ्याने पहिला फोन कोणाला करायचा, हे राज्याच्या कृषी खात्याने येत्या लागवडीच्या आधी जळगाव, धुळे, नांदेड आणि सोलापूरच्या प्रत्येक केळी उत्पादकाच्या मोबाइलवर पाठवावे. लागवडीला फार दिवस उरलेले नाहीत.